बॉल सोडत नाही म्हणे!

बॉल सोडत नाही म्हणे मी! मी! अहो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ज्याच्या तोंडात दुसरा शब्द नसतो, ‘सोडा, सोडा, हळू सोडा, अजून हळू, झटका नको’... त्या माणसाला म्हणतात, हा सोडत नाही! तुम्हाला सांगतो, मी मोटार शिकवतो. ड्रायव्हिंग स्कूल आहे माझं. शेजारी शिकणारा बसतो, घाम पुसतो, आरशात स्वतःचंच तोंड बघतो, आणि मी दिवसभर एकच गोष्ट शिकवतो... क्लच सोडायला. ‘सर, सोडू?’ सोडा. ‘सोडला सर.’ बंद पडली गाडी. पुन्हा चालू करा. ‘सर, आता सोडू?’ सोडा, पण असं सोडा की गाडीला कळता कामा नये. इतका बारीक, इतका नाजूक विषय आहे हो तो! अर्ध्या गावाला मी सोडायला शिकवलंय. आणि रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर हीच माणसं, माझ्याच टीममधली, कमरेवर हात ठेवून मला ओरडतात, ‘अहो मास्तर, सोडा आता!’

बरं, पुढे जाण्याआधी सगळ्यांना समजेल असं सांगतो, नाहीतर निम्मे लोक म्हणतील हा कुठल्या बॉलबद्दल बोलतोय. बास्केटबॉल. चाळिशीच्या पुढच्यांची लीग आहे आमची. चार टीम आहेत, रविवारी सकाळी सामने. चाळिशीच्या पुढे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे आलं ना, तेच. गुडघ्याला पट्टे, पट्ट्यांवर पट्टे, आणि उडी मारायच्या आधी खाली बघून घेणारी माणसं.

आमच्या टीममध्ये आम्ही पाच. एकही राखीव नाही. कुणाला लागलं तर तो बाजूला बसतो आणि आम्ही चौघं खेळतो, एवढं सरळ आहे. कप्तान आहेत दातांचे डॉक्टर. आता दातांच्या डॉक्टरला एक सवय असते, तुम्ही बघितलं असेल... ते प्रश्न विचारतात आणि मग तुमच्या तोंडात यंत्र घालतात. ‘काय म्हणता, कसं चाललंय?’ घर्र्र्र! त्यामुळे उत्तराची वाट बघायची असते हे त्या माणसाला माहीतच नाही. दुसरा वायरमन. उत्तम डिफेन्स, पण हात लावायच्या आधी दरवेळी बोटाच्या पाठीनं करंट बघून घेतो, बॉलला सुद्धा. तिसरे ग्रंथपाल. ग्रंथपालांचा नेम सगळ्यात चांगला, पण बॉल मागतात तो कुजबुजत. कोर्टच्या कोपऱ्यातून, ‘इकडे... मी मोकळा आहे...’ अहो, मोकळे आहात तर ओरडा! नाही. ‘कृपया शांतता राखा’च्या पाटीखाली जन्म गेला, आता कुठून आवाज काढणार? चौथा माझा मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. आणि पाचवा मी.

मी पॉइंट गार्ड.

आता पॉइंट गार्ड म्हणजे काय? साध्या भाषेत, बॉल मागून पुढे आणायचा आणि कुणाला द्यायचा ते ठरवायचं, तो माणूस. बस. म्हणजे गाडी त्याच्या हातात. बाकीचे प्रवासी. आता मला सांगा, ज्याच्या हातात गाडी आहे त्यानं रस्ता नीट बघून, पुढचं मागचं बघून, डावीकडून कोण घुसतंय ते बघून मग वळायचं, की प्रवाशानं खांदा हलवला की लगेच स्टिअरिंग त्याच्या मांडीवर टाकायचं? मी बघतो. बघायला वेळ लागतो! तर म्हणे, सोडत नाही!

असो. तर गेल्या मोसमात आम्ही चौथे आलो. चार टीममध्ये. डॉक्टर म्हणाले, ‘पदकापासून एकच पायरी लांब होतो.’ हे असं फक्त दातांचा डॉक्टरच बोलू शकतो, ‘थोडंसं दुखेल’ म्हणणारा माणूस.

आणि आमच्या लीगमध्ये एक पद्धत आहे. मोसम सुरू होण्याआधी प्रत्येक टीमला दुसऱ्या टीमशी एक खेळाडू बदलून घेता येतो. म्हणजे दरवर्षी तेच जिंकू नयेत, म्हणून. पूर्वी याला आम्ही अदलाबदल म्हणायचो, तेव्हा कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण पहिल्या नंबरच्या टीमचे कप्तान फर्निचरवाले, ते टीव्हीवर परदेशातले सामने बघायला लागले आणि तेव्हापासून त्याला ‘ट्रेड’ म्हणतात. माणूस तोच, टी-शर्ट बदलला की ट्रेड! त्यात या फर्निचरवाल्यांचा धंदाच मुळात जुना सोफा द्या, नवा न्या असा. माणसाकडे बघताना सुद्धा ते आधी पाठीमागे जाऊन बघतात, स्प्रिंगा ठीक आहेत ना. नियम एकच आहे. टीममधल्या प्रत्येकानं हो म्हणायला हवं. एकानं जरी नाही म्हटलं तरी ट्रेड होत नाही.

तर शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. ‘दवाखान्यात या सगळे. फर्निचरवाल्यांकडून ट्रेड आलाय. तुमचं मत महत्त्वाचं आहे.’ मी म्हटलं, ‘कसला...’ ठेवला फोन! घर्र्र्र!

गेलो. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या पुसायला उलट्या करून ठेवलेल्या, म्हणून सगळे आत, जिथे दात काढतात तिथे. ग्रंथपालांनी गोल स्टूल घेतलं. वायरमन बेसिनला टेकून उभा, आणि अधूनमधून नळाशेजारचा प्लग पॉइंट बघून मान हलवतोय. मेहुणा खिडकीत. डॉक्टर आपल्या जागी. राहिलं काय? ती खुर्ची. पेशंटची. म्हटलं बसू, त्यात काय. बसलो... आणि तुम्हाला सांगतो, ती खुर्ची बसायची नसतेच, ती झोपायची असते! डॉक्टरांचा पाय सवयीनं खालच्या बटणावर गेला, आणि मी हळूहळू, घूंऽऽ करत, आडवा! पाय वर, डोकं खाली, आणि तोंडावर तो मोठा दिवा. आयुष्यभर मी ज्या गाडीत बसलो तिथे माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो हो. शिकणाऱ्यानं काहीही करू दे, माझा पाय तयार. आणि इथे सगळी पेडलं डॉक्टरांच्या बाजूला!

डॉक्टरांनी फोन काढला, फर्निचरवाल्यांनी बोलून पाठवलेला निरोप लावला. काय तो आवाज! गोदामातून बोलतात ते, घुमतो. ‘नमस्कार डॉक्टरसाहेब! ऑफर ऐका. आमचा खांब तुम्ही न्या...’

खांब म्हणजे त्यांचा चुलत भाऊ. एवढा उंच... एवढा उंच, की शाळेच्या फाटकातून येताना तो नमस्कार करून आल्यासारखा वाटतो. रिंगखाली उभा राहिला की बाकीच्यांनी नुसती सावली धरावी. आमच्या टीमला उंच माणूस म्हणजे काय, तर ग्रंथपाल स्टुलावर. त्यामुळे खांब म्हटल्याबरोबर खोलीत सगळ्यांनी श्वास आत घेतला. मला दिसलं नाही, दिवा होता, पण ऐकू आलं.

‘...आमचा खांब तुम्ही न्या, आणि त्याच्या बदल्यात तुमचा पॉइंट गार्ड आम्हाला द्या!’

आणि डॉक्टरांनी थांबवला निरोप.

आता तुम्हीच माझ्या जागी येऊन बघा. म्हणजे आडवे होऊन बघा. तुमच्या तोंडावर दिवा, चार माणसं आजूबाजूला गप्प, आणि पहिल्या नंबरच्या टीमला तुम्ही हवे आहात! माझ्या छातीत काय झालं म्हणून सांगू. एकीकडे अभिमान, एकीकडे काळजी, या बिचाऱ्यांचं कसं होणार? कोण आणणार बॉल पुढे? वायरमन? तो आधी अर्थिंग तपासेल! आणि सगळे गप्प. म्हटलं, कळतंय मला. तोंडावर कसं सांगायचं म्हणून गप्प आहेत. चांगली माणसं आहेत हो. तेव्हा आपणच बोलावं.

आणि मी बोललो.

काय बोललो! मी म्हटलं, ‘मित्रांनो, खांब उंच आहे, मान्य. पण उंची विकत मिळते, नजर मिळत नाही. पॉइंट गार्ड म्हणजे काय? जो स्वतः कमी दिसतो आणि बाकीच्यांना दाखवतो, तो. ज्याच्या हातात बॉल फार वेळ राहतच नाही...’ इथे ग्रंथपालांना ठसका लागला, मी थांबलो नाही... ‘जो कुणाला कुठे उभं राहायचंय ते त्याच्या आधी ओळखतो. जो रागावत नाही. ज्याचा आवाज चढत नाही, पण ऐकावासा वाटतो. आपण सगळे धावतो, पण तो असला की आपण कुठेतरी जातो! असा माणूस तुम्ही एका खांबासाठी देणार? आणि तरीसुद्धा... तरीसुद्धा, टीमचं भलं त्यात असेल, तर मी स्वतः म्हणतो, द्या! माझा विचार करू नका. मी रविवारी समोरच्या बाजूला असेन, पण मनानं...’ इथे माझा आवाज जरा घोगरा झाला, पण पडून बोललं की होतो तसा.

शांतता. बेसिनचा नळ ठिबकतोय. मला वाटलं, भरून आलंय सगळ्यांना.

मग डॉक्टरांनी खाकरून निरोप पुढे चालू केला.

‘...पॉइंट गार्ड म्हणजे तो तुमच्या मास्तरांचा मेहुणा हो! तो शांत माणूस. गैरसमज नको. मास्तर तुमच्याकडेच ठेवा. मास्तर फार चांगले आहेत, पण ते... बॉल सोडत नाहीत.’

बॉल सोडत नाही! गोदामात घुमला तो शब्द! आणि दवाखान्यात परत घुमला, कारण तिथे टाइल्स आहेत!

तुम्हाला सांगतो, लाज वाटली की माणूस उठून उभा राहतो, खिडकीशी जातो, रुमाल काढतो, काहीतरी करतो. मी काय करणार? डोकं खाली, पाय वर! उठायला गेलो तर खुर्चीच्या हातावरची ती छोटी थाळी हनुवटीला लागली. म्हटलं, ‘डॉक्टर, जरा वर घ्या.’ डॉक्टर म्हणाले, ‘हो हो, घेतो. तर तुमचं मत काय?’ आणि घेतलं नाही!

मी म्हटलं, ‘मेहुणा? हा? हा पॉइंट गार्ड? हा तर उजव्या कोपऱ्यात हात वर करून उभा असतो!’

वायरमन म्हणाला, ‘उभा असतो कारण तुम्ही देत नाही ना मास्तर. मेन स्विचच तुम्ही धरून बसलाय, पुढे करंट यायचा कसा?’

‘मी देतो! ग्रंथपाल, मी देतो की नाही?’

ग्रंथपाल काहीतरी म्हणाले. काय म्हणाले देव जाणे. मी म्हटलं मोठ्यानं बोला. तर म्हणाले, ‘एकदा दिला होता. फेब्रुवारीत.’

आणि मेहुणा खिडकीत बसून नखं बघतोय. आता हा मेहुणा कसा आहे ते सांगायला हवं. लग्नात मी त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो शाळेत होता आणि सगळ्यांच्या चपला जोडीनं लावून ठेवत होता. कुणी सांगितलं नव्हतं. अजून तसाच. कोर्टवर माणसं विस्कटली की हा बोटानं दाखवतो, तू इकडे, तू तिकडे, आणि स्वतः कोपऱ्यात जाऊन हात वर करतो. मी म्हटलं, ‘अरे, तुला काय वाटतं ते तरी सांग. तू पॉइंट गार्ड आहेस का?’

तो म्हणाला, ‘मला नाही माहीत भाऊजी. पण ताई होती तोवर बॉल फिरायचा.’

आता ही... आमची ही रविवारी यायची मैदानावर. त्या सिमेंटच्या बाकावर बसायची, थर्मास शेजारी, मांडीवर वर्तमानपत्र, आणि शब्दकोडं सोडवायची. खेळाकडे बघायची सुद्धा नाही. आणि शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणायची, ‘अहो, सोडा.’ की माझ्या हातातून बॉल सुटायचा. कसा ते मला माहीत नाही. सुटायचा. मी एकदा विचारलं, तू बघत तर नसतेस, मग कळतं कसं? तर म्हणाली, ‘आवाजावरून. तुम्ही बॉल आपटत राहिलात की बाकीच्यांच्या बुटांचा आवाज थांबतो.’ मग पुन्हा, ‘वायरमनभाऊ, मागे कुणीच नाही बरं का.’ ‘ग्रंथपाल मोकळे आहेत, त्यांना द्या कुणीतरी.’ आणि पेन्सिल तोंडात धरून, ‘चार अक्षरी, शेवटचं अक्षर र...’ हा दुसरा हिवाळा, ती नाही त्याला. बाकावर आता आम्ही पिशव्या ठेवतो.

तर वायरमन, सरळ माणूस, त्याच्या तोंडून निघून गेलं. ‘खरं सांगू का? आपला पॉइंट गार्ड वहिनीच होत्या.’

बोलला आणि त्यालाच वाटलं, काय बोललो. बेसिनकडे तोंड करून नळ घट्ट करायला लागला. आणि डॉक्टरांनी हात लांब करून माझ्या तोंडावरचा दिवा बंद केला. काही न विचारता. पहिल्यांदाच.

मी थोडा वेळ छताकडे बघितलं. छतावर त्यांनी डोंगराचं चित्र लावलंय, पेशंटना बरं वाटावं म्हणून.

मग मी म्हटलं, ‘फर्निचरवाल्यांना सांगा, तो बाकावरचा गार्ड ट्रेडला नाही.’

आणि ग्रंथपाल हसले! मोठ्यानं! ग्रंथपालांचा आवाज असा आहे हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, खर्जातला आहे हो, रेडिओवर शोभेल असा! मग सगळेच हसले, डॉक्टरांचा पाय पुन्हा बटणावर पडला आणि मी घूंऽऽ करत आणखीनच खाली गेलो.

पण विषय संपला नव्हता. डॉक्टर हो म्हणाले. वायरमन हो म्हणाला. ग्रंथपालांनी मान हलवली, मेहुण्यानंही. राहिलो मी. एकट्याच्या ‘नाही’वर सगळं अडलेलं. आणि तुम्हाला खरं सांगतो, मला नाहीच म्हणायचं होतं. खांब गेला उडत! आता तुम्ही म्हणाल, का? मेहुणा टीममध्ये काय करतो, तर कोपऱ्यात हात वर करून उभा राहतो, मग गेला तर काय बिघडलं?

अहो, रविवार सकाळ! हा स्कूटर घेऊन येतो. खालून दोनदा हॉर्न वाजवतो, पीं पीं, आणि मी वरून ‘आलो, आलो’ म्हणतो. आणि मी तयारच असतो. बूट घालून पलंगावर बसलेला असतो केव्हाचा. पण लगेच जायचं नसतं, जरा ‘आलो, आलो’ म्हणायचं. माझ्याकडे स्वतःची गाडी आहे, दोन ब्रेकची! पण रविवारी मी याच्या मागे बसतो. ही गेल्यावर माणसं आली, खूप आली, मग कमी कमी होत गेली, त्यात कुणाची चूक नाही, सगळ्यांना कामं असतात. हॉर्न मात्र वाजत राहिला. आता हा फर्निचरवाल्यांच्या टीममध्ये गेला तर त्यांची आपली वेगळी जीप असते, सगळे मिळून येतात, गाणी लावून. मग?

पण हे काय बोलून दाखवायचं असतं? चार लोकांत? आडवं पडून? तेव्हा मी मुद्द्याचं बोललो. म्हटलं, ‘हे बघ, त्यांच्या टीमची संस्कृती वेगळी आहे. ते जिंकतात. तुला सवय नाही.’

तो खिडकीतून उतरला, खुर्चीशी आला. उलटा दिसत होता मला, डोक्याकडून. म्हणाला, ‘भाऊजी, मला तुम्हाला सोडून जायचं नाहीये. मला फक्त बॉल हवाय. दोन वर्षं हात वर करून उभा आहे. खांदा दुखतो माझा. मागच्या महिन्यात डॉक्टरकडे जाऊन आलो.’

डॉक्टर म्हणाले, ‘माझ्याकडे नाही हं, खांद्याच्या डॉक्टरकडे.’

आता बोला! माझ्यामुळे माणसाच्या खांद्याला मालिश चालू! मी म्हटलं, ‘मग सांगायचं नाही का?’ तर म्हणतो, ‘ताई सांगायची ना. मी कसं सांगणार? तुम्ही मोठे.’

मग मी विचारलं. अगदी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, दोरा आहे का घरात, असं विचारावं तसं. ‘आणि मग रविवारी सकाळी?’

‘रविवारी सकाळी काय?’

‘नाही... तसं काही नाही. हॉर्न वगैरे.’

त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, ‘कोर्ट तेच आहे ना भाऊजी? मग मी काय वेगळ्या रस्त्यानं जाऊ? जीपमध्ये मला मळमळतं.’

झालं! एवढ्यासाठी मी शनिवारची संध्याकाळ दात काढायच्या खुर्चीत काढली! मी म्हटलं, ‘डॉक्टर, मत विचारताय ना? हो. हो म्हणतोय मी. देऊन टाका त्याला. आता कृपा करून खुर्ची वर घ्या, रक्त डोक्यात साठलंय.’

तर झाला ट्रेड. मेहुणा गेला, खांब आला. खांब म्हणजे काय सांगू, देवमाणूस! पण खांबच. रिंगखाली उभा केला की उभा. बॉल आला की डोळे मिटतो. मी म्हटलं, ‘अहो, डोळे का मिटता?’ तर म्हणाला, ‘चष्मा घरी ठेवलाय, फुटेल म्हणून. बॉल एकदम मोठा होऊन येतो.’ फर्निचरवाल्यांनी आम्हाला गोदामातला माल विकला हो! पाठीमागे जाऊन बघायला हवं होतं आपण!

आणि पहिलाच सामना कुणाशी? त्यांच्याशीच. रविवारी सकाळी पीं पीं. ‘आलो, आलो.’ मी मागे बसलो, याच्या अंगावर पिवळा टी-शर्ट, माझ्या अंगावर निळा. रस्ताभर एकमेकांशी अवाक्षर नाही. डावपेच फुटू नयेत म्हणून! उतरताना फक्त म्हणाला, ‘बुटाची नाडी सुटलीय भाऊजी.’ मी म्हटलं, ‘माहिताय. मुद्दाम सोडलीय.’ सोडतो मी, हे कळायला नको का लोकांना?

सामना सुरू. आणि तुम्हाला सांगतो, हा मेहुणा खेळला! काय खेळला! बॉल याच्या हातात येतोय की नाही तोवर दुसऱ्याकडे गेलेला. बोटानं दाखवायचा, माणूस तिथे जायचा, बॉल तिथे त्याची वाट बघत असायचा. फर्निचरवाले, ते जाडजूड गृहस्थ, ते सुद्धा धावायला लागले! आम्ही बघतच राहिलो. वायरमन माझ्या कानाशी म्हणतो, ‘बघा, लोड कसं वाटून देतोय.’ मला राग यायला हवा होता. नाही आला. मी एकदा टाळी सुद्धा वाजवली, डॉक्टरांनी डोळे वटारले.

तरीही आम्ही टिकून होतो. ग्रंथपालांना आता आवाज सापडला होता ना! ‘मी मोकळा आहे!’ असं खर्जात गरजायचे की समोरचे दचकून आणखीनच मोकळं सोडायचे. शेवटचं अर्धं मिनिट, बरोबरीत. आणि बॉल माझ्याकडे. सगळे ओरडतायत, ‘सोडा! मास्तर, सोडा!’ खांब रिंगखाली, डोळे आधीच मिटलेले. डावीकडे कुणीतरी घुसतंय. मी बघतोय. पुढचं, मागचं... आणि उजव्या कोपऱ्यात हात वर झाले.

आता ते हात मी ओळखतो हो. इतकी वर्षं त्याच कोपऱ्यात, त्याच उंचीवर, उजवा जरासा वाकडा. त्या क्षणाला मी टी-शर्ट नाही बघितला. कुणी बघतं का? आपल्या माणसाचे हात दिसले की आपण टी-शर्टचा रंग बघतो का? आणि तुम्हाला सांगतो, मी सोडला! असा सोडला, असा अलगद, झटका नाही, आवाज नाही, गाडीला कळलं सुद्धा नाही! दोन माणसांच्या मधून, एकाच्या कोपराखालून, थेट त्याच्या तळव्यात! जन्मभर शिकवत आलो ते त्या एका पासमध्ये होतं!

पिवळा टी-शर्ट.

अख्खं मैदान जागच्या जागी थांबलं. तो सुद्धा बॉल हातात घेऊन उभा. माझ्याकडे बघतो, बॉलकडे बघतो. हळूच म्हणतो, ‘भाऊजी...?’ हात वर केले होते ते डिफेन्ससाठी हो! आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? मी गुरुजी माणूस, शिकणारा रस्त्याच्या मधे थांबला की मला राहवत नाही. मी ओरडलो, ‘बघतोस काय? पळ, टाक!’

पळाला, पलीकडच्या रिंगमध्ये टाकला. बॉल आत. हरलो.

डॉक्टर आ वासून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा आ केला असेल. वायरमन पिशवीवर जाऊन बसला. ग्रंथपाल कुजबुज सुरू करण्याच्या बेतात होते. आणि खांबानं डोळे उघडून विचारलं, ‘झालं का?’

मी म्हटलं, ‘पण सोडला की नाही? आता तरी म्हणाल का, सोडत नाही?’ येताना स्कूटरवर मेहुणा म्हणाला, ‘पास मात्र झक्कास होता.’ मी म्हटलं, ‘समोर बघून चालव.’

आणि संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. फर्निचरवाल्यांचा पुन्हा निरोप आला म्हणे, गोदामातून. मला ऐकवला. ‘डॉक्टरसाहेब, खांब परत पाठवलात तरी चालेल, आम्ही काही म्हणणार नाही. पण एक विनंती आहे. मास्तरांना हलवू नका. असा पॉइंट गार्ड मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही!’

बघा म्हणजे. अख्ख्या लीगमध्ये मला पॉइंट गार्ड मानणारा एकच माणूस निघाला... आणि तो समोरच्या टीमचा कप्तान आहे.